भिंतींना खरंच कान होते! मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाची गोष्ट

नेहमीप्रमाणे हा भाग लिखित स्वरूपातही देतोय, कारण बरेच जण म्हणतात की नावं आणि सालं ऐकताना निसटून जातात.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा बाबांनी माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाले, "प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेव. वायर कुठून गेली, पाइप कुठून गेला, सगळं." मला तेव्हा कंटाळा आला होता. पण मुद्दा साधा होता. गिलावा झाला, रंग लागला, की भिंतीच्या पोटात काय आहे ते फक्त ज्यानं काम केलं त्यालाच माहीत असतं. तुम्ही घराचे मालक असलात तरी तुम्हाला ते दिसत नाही.

आजची गोष्ट याच एका मुद्द्याची आहे. फरक इतकाच की इथे घर म्हणजे जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाची वकिलात होती, आणि ती बांधणारे मजूर होते त्याच्या सगळ्यात मोठ्या शत्रूचे.

आधी एक गैरसमज दूर करू

आपण सिनेमात ऐकतो की दूतावास म्हणजे त्या देशाची जमीन. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासात पाऊल टाकलं की तुम्ही अमेरिकेत पोचलात, वगैरे. असं नसतं. जमीन यजमान देशाचीच राहते. पण १९६१ साली व्हिएन्नामध्ये राजनैतिक संबंधांबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं २२वं कलम सांगतं की दूतावासाची जागा अभंग आहे. म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचा पोलीस, सैनिक, सरकारी अधिकारी, कुणीही आत जाऊ शकत नाही.

आता जरा हेराच्या डोक्यानं विचार करा. तुम्हाला त्या इमारतीतलं बोलणं ऐकायचंय. पण एकदा का किल्ल्या समोरच्याच्या हातात गेल्या, की तुमची माणसं उघडपणे आत शिरू शकत नाहीत. मग तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची वेळ कोणती?

बरोबर. किल्ल्या देण्याच्या आधीची.

एक सुंदर लाकडी भेटवस्तू

ही सवय जुनी होती. ऑगस्ट १९४५. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, अमेरिका आणि सोव्हिएत संघ अजून मित्र. मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली: लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह, पंख पसरलेला गरुड. काम इतकं देखणं की ते राजदूतांच्या निवासस्थानी, त्यांच्या अभ्यासिकेत भिंतीवर लागलं. पुढची सात वर्षं ते तिथेच होतं. राजदूत बदलत गेले, गरुड तिथेच राहिला.

१९५२ मध्ये कळलं की त्या गरुडाच्या आत एक ऐकण्याचं यंत्र आहे.

हे इतकी वर्षं सापडलं कसं नाही? कारण त्यात बॅटरी नव्हती, वायर नव्हती, स्वतःहून चालेल असं काहीच नव्हतं. धातूची एक छोटी पोकळ डबी, तिच्या तोंडावर अगदी पातळ पडदा आणि एक छोटी अँटेना, एवढंच. लांबून कुणीतरी त्या दिशेनं रेडिओ लहरी सोडायचं. खोलीत कुणी बोललं की पडदा थरथरायचा, आणि परत जाणाऱ्या लहरीत ती थरथर उतरायची. म्हणजे समजा, अंधारात मी तुमच्या आरशावर टॉर्च मारला आणि तुमच्या आवाजानं आरसा हलला, तर भिंतीवरचा कवडसा पण हलेल ना? तसंच. टॉर्च बंद, की आरसा मेलेला. तपासायला येणाऱ्यांना काय सापडणार?

तुमच्या गाडीच्या काचेवर जो फास्टॅग चिकटवलेला आहे ना, त्यातही बॅटरी नसते. टोलनाक्यावरचं यंत्र लहर सोडतं, टॅग तिच्यात स्वतःची ओळख मिसळून ती परत पाठवतो. तत्त्व बरंचसं तेच. आणि हे गरुडातलं यंत्र बनवणारा माणूस होता लेव्ह थेरेमिन, ज्यानं हात न लावता वाजणारं, त्याच्याच नावाचं वाद्य शोधून काढलं होतं. कलाकार माणूस!

१९६० मध्ये अमेरिकेनं हा गरुड थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेऊन जगाला उघडून दाखवला. आणि १९६४ मध्ये मॉस्कोतल्या तेव्हाच्या दूतावासाच्या भिंती उकरल्या, तेव्हा चाळीसच्या वर छुपे मायक्रोफोन निघाले.

म्हणजे अमेरिकेला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा निर्णय त्यामुळेच जास्त चक्रावून टाकतो.

जागांची अदलाबदल

जुनी इमारत अपुरी पडत होती. इकडे वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत संघालाही मोठी जागा हवी होती. १९६९ मध्ये दोन्ही देशांनी करार केला: एकमेकांना राजधानीत जमीन द्यायची, ८५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. १९७२ मध्ये बांधकामाच्या अटी ठरल्या. तो काळ दोन महासत्तांमधला ताण जरा सैल झाल्याचा होता. सगळ्यांना वाटत होतं, आता जमेल.

सोव्हिएत संघाला मिळालं वॉशिंग्टनमधलं माउंट आल्टो, शहरातल्या उंच जागांपैकी एक. उंचीवरून रेडिओ लहरी पकडणं सोपं जातं. अमेरिकेला मिळाली मॉस्को नदीजवळची सखल जागा, जुन्या दूतावासाच्या मागेच.

पण खरी मेख जमिनीत नव्हती, मजुरांत होती. ठरलं असं की मॉस्कोतली इमारत सोव्हिएत मजूर बांधतील. आणि काँक्रीटचे कॉलम, बीम, स्लॅबचे तुकडे साइटवर ओतले जाणार नव्हते. ते दुसरीकडे, सोव्हिएत कारखान्यात तयार होऊन यायचे. अमेरिकी माणसं तिथे उभी राहून बघत नव्हती.

उलट वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत देखरेखवाले अमेरिकी ठेकेदाराच्या कामावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते.

अमेरिकेनं हे मान्य का केलं? मूर्खपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यांचा एक हिशेब होता. त्यांना वाटत होतं: ते मायक्रोफोन लपवणार हे आपल्याला माहीतच आहे. लपवू देत. आपलं तंत्रज्ञान पुढचं आहे. इमारत झाली की शोधून काढू आणि काढून टाकू.

"नंतर बघू." ही दोन शब्दांची चूक आपण सगळेच करतो. त्यांनी ती आठ मजली केली.

इमारतच मायक्रोफोन

१९७९ मध्ये काम सुरू झालं. लाल विटांची भरभक्कम इमारत वर चढू लागली. आणि अमेरिकी तंत्रज्ञ जसजसे काँक्रीटमध्ये डोकावू लागले तसतसा त्यांचा आत्मविश्वास उतरत गेला.

त्यांची कल्पना होती की यंत्रं भिंतीवर किंवा भिंतीत बसवलेली असतील, खिळा उपटावा तशी उपटू. इथे ती इमारतीच्या सांगाड्यातच होती. कॉलममध्ये, बीममध्ये, सळयांच्या जाळ्यात मिसळलेली. काँक्रीट ओतण्याआधीच आत टाकलेली. आता एखादं यंत्र काढायचं तर कॉलम फोडावा लागणार, आणि कॉलम फोडला तर वरचा मजला खाली येणार!

वर आणखी एक चलाखी. छुपी इलेक्ट्रॉनिक यंत्रं शोधण्याची एक पद्धत असते: भिंतीकडे लहर सोडायची आणि डायोडसारख्या भागांकडून येणारा खास प्रतिसाद पकडायचा. तर अमेरिकेतून आलेल्या माहितीनुसार, तिथल्या काँक्रीटमध्ये असंख्य बिनकामाचे डायोड मिसळलेले होते. शोधयंत्र जिथे धरा तिथे वाजणार. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, कसं ओळखायचं? गवताच्या गंजीत सुई लपवायची तर गंजीच सुयांची करून टाकली.

ऑगस्ट १९८५ मध्ये सोव्हिएत मजुरांना साइटबाहेर काढलं गेलं आणि काम थांबलं. इमारत उभी होती, पण आत एक गुप्त वाक्य बोलायची सोय नव्हती.

टाइपरायटरही सोडले नाहीत

याच काळात जुन्या दूतावासातही वेगळा प्रकार उघडकीस आला होता. १९८४ मध्ये अमेरिकेनं तिथली जवळपास सगळी संवेदनशील विद्युत यंत्रं, सुमारे ११ टन सामान, परत मायदेशी नेऊन तपासली. एका तंत्रज्ञाला एका इलेक्ट्रिक टाइपरायटरच्या एक्स-रेमध्ये काहीतरी जास्तीचं दिसलं. यंत्राच्या चौकटीतली एक साधी दिसणारी धातूची पट्टी आतून पोकळ होती, आणि तिच्यात अख्खी यंत्रणा होती. कुठलं अक्षर टाइप झालं हे ती टाइप करणाऱ्या भागाच्या हालचालीवरून ओळखायची आणि रेडिओवरून बाहेर पाठवायची. मॉस्को आणि लेनिनग्राड मिळून असे १६ टाइपरायटर निघाले.

म्हणजे तुम्ही कितीही कठीण सांकेतिक लिपी वापरा. संदेश लिपीत जायच्या आधीच, बोटं टाइप करत असतानाच बाहेर पोचत होता.

विचार करा, तिथे काम करणाऱ्यांचं रोजचं जगणं कसं झालं असेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे अधिकारी हाकलण्याचा सपाटा लावला, आणि सोव्हिएत सरकारनं दूतावासात काम करणारे आपले सुमारे २६० स्थानिक कर्मचारी एका फटक्यात काढून घेतले. ड्रायव्हर, आचारी, सफाईवाले, सगळे. मोठमोठे राजनैतिक अधिकारी स्वतः ट्रक चालवू लागले, फरशी पुसू लागले. १९८७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेचे दोन सदस्य पाहणीला गेले, तर ते आपसात बोलायला लहान मुलांची पाटी वापरत होते. ती प्लास्टिकचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जाणारी, जत्रेत मिळते ना, तीच. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशाचे लोकप्रतिनिधी, स्वतःच्याच वकिलातीत, पाटीवर लिहून बोलतायत!

पाडायची की ठेवायची?

आता प्रश्न पैशांचा आणि अब्रूचा. माजी संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांनी १९८७ मध्ये अभ्यास करून सुचवलं की वरचे मजले पाडून नव्यानं बांधा. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन म्हणाले, अख्खीच पाडा. संसदेत वर्षानुवर्षं वाद. तोवर रिकामी इमारत मॉस्कोच्या बर्फात उभी.

आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये? सोव्हिएत दूतावासाची मुख्य इमारत तयार होती, पण करार असा की दोघांनी एकाच वेळी राहायला जायचं. तुमचं घर तयार नाही तर आमचंही कुलूप उघडणार नाही. त्यामुळे माउंट आल्टोवरचं ते कार्यालयही वर्षानुवर्षं पडून राहिलं. ते वापरात आलं १९९४ मध्ये, तेव्हा सोव्हिएत संघच उरला नव्हता. रशियाच्या झेंड्याखाली आलं.

तुम्हाला वाटेल, या गोष्टीत अमेरिका बिचारी. थांबा. २००१ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांनी बातमी दिली की वॉशिंग्टनमधल्या त्याच सोव्हिएत दूतावासाखाली अमेरिकेनं गुपचूप एक बोगदा खणला होता, ऐकण्यासाठीच. आणि तो फुकट गेला, कारण अमेरिकेच्याच एफबीआयमधला अधिकारी रॉबर्ट हॅन्सन यानं त्याची माहिती मॉस्कोला विकली होती, असा तपास करणाऱ्यांचा संशय होता. म्हणजे इथे साव कुणीच नव्हतं.

एका माणसानं दिलेला नकाशा

मग आलं १९९१. ऑगस्टमध्ये कट्टर कम्युनिस्टांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला. लोक ज्या इमारतीभोवती अडथळे रचून रणगाड्यांसमोर उभे राहिले, ती रशियाची संसद या दूतावासापासून हाकेच्या अंतरावर. बंड फसलं. सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीच्या प्रमुखपदी वादीम बाकातिन आले.

डिसेंबर १९९१ मध्ये बाकातिन यांनी अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांना बोलावलं आणि त्यांच्या हाती कागद ठेवले. नव्या इमारतीत यंत्रं कुठे आणि कशी बसवली आहेत त्याचे आराखडे. सोबत काही यंत्रंसुद्धा. बदल्यात काहीही मागितलं नाही. वरिष्ठ नेत्यांची संमती घेऊन त्यांनी हे केलं होतं. हेतू हा की, आता वैर संपलं, निदान ही इमारत तरी वापरात येऊ द्या.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात माणुसकीचा क्षण हाच. आणि त्याचा शेवट ऐका. रशियात अनेकांनी बाकातिन यांना देशद्रोही म्हटलं. आणि अमेरिकेत अनेकांनी विचारलं, "हे सगळं दिलंय कशावरून? थोडं लपवून ठेवलं असेल तर?"

इतकी वर्षं खोटं बोलल्यावर खरं बोललेलंही कुणाला खरं वाटत नाही. काँक्रीटमधली यंत्रं नकाशा बघून शोधता येतात. विश्वास शोधायला नकाशा नसतो.

शेवटी काय केलं?

उपाय मजेशीर निघाला. इमारतीचे वरचे दोन मजले उतरवले आणि त्या जागी चार नवे चढवले. या कामाला टोपणनावच पडलं 'टॉप हॅट', म्हणजे उंच टोपी. या वेळी मजूर अमेरिकेतून आणलेले, पार्श्वभूमी तपासलेले. सामान तिकडूनच आणलेलं, पहाऱ्यात ठेवलेलं. साध्या भाषेत, स्वतःची वीट, स्वतःचा गवंडी. गुप्त काम वरच्या मजल्यांवर आणि ऐकलं तरी फरक पडणार नाही असं काम खाली. ज्या इमारतीचं काम १९७९ मध्ये सुरू झालं, ती नीट वापरात आली २००० साली. एकवीस वर्षं!

पण थांबा, एक गोष्ट राहिली, आणि माझ्या दृष्टीनं ती सगळ्यात गंभीर आहे. १९८५ पासून अमेरिकेसाठी काम करणारे सोव्हिएत हेर एकामागून एक पकडले जाऊ लागले. अनेकांना मृत्युदंड झाला. ही माहिती फुटतेय कुठून? संशय मॉस्कोतल्या दूतावासावर गेला, तिथल्या संदेशयंत्रणेवर, तिथल्या पहारेकऱ्यांवर. स्वाभाविकच होतं, अख्ख्या जगाला त्या भिंतींचे कान दिसत होते. पण त्यातल्या बहुतेकांचा घात करणारा माणूस बसला होता वॉशिंग्टनजवळच्या सीआयएच्या मुख्यालयात. ऑल्ड्रिच एम्स. पैशांसाठी त्यानं नावं विकली. तो पकडला गेला १९९४ मध्ये.

म्हणजे दोन धडे आहेत, आणि ते एकमेकांना धरून आहेत. पहिला: जी वस्तू दुसऱ्यानं तुमच्या नजरेआड बनवली, ती नंतर कितीही तपासली तरी पूर्ण खात्री देता येत नाही. तपासायची वेळ बनताना असते. दुसरा: भिंतीचा संशय इतका डोक्यात बसू देऊ नका की शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघायचं राहून जाईल.

आणि हे फक्त महासत्तांचं नाही हं. देशोदेशी चालणारा वाद आठवा, मोबाइल नेटवर्कची यंत्रं कुठल्या कंपनीची घ्यायची, कुठल्या देशाची नकोत. त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: काँक्रीट कुणी ओतलं? आत्ता तुम्ही ज्या फोनवर मला ऐकताय, त्याचं पोट आपण कुणीच उघडून बघितलेलं नाही, मीसुद्धा. घाबरायचं कारण नाही. पण एखादं टॉर्चचं ॲप मायक्रोफोनची परवानगी मागत असेल, तर "नंतर बघू" म्हणून होकार देऊ नका. तेवढा एक क्षण म्हणजे प्लास्टर व्हायच्या आधीचा क्षण.

बाय द वे, आमच्या घराच्या भिंतींचे ते फोटो अजून आहेत. परवा बाथरूमची भिंत गळायला लागली, तेव्हा प्लंबर म्हणाला, "सगळी फोडावी लागेल." बाबांनी फोन काढला, फोटो दाखवला आणि बोट ठेवलं, "इथे फोड. एवढंच."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!